वीस बाळंतपणांची वही

संपादकांचा निरोप दोन ओळींचा होता : बीएस्सी नर्सिंगची पदवी खेड्यातल्या माणसाच्या कामी येते का, ते बघा. पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, आणि खेडं वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातलं इंझोरी. विद्यापीठ स्थापन झालं जून १९९८ मध्ये. त्याच वर्षी १ जुलैला अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला.

कागदावरचा इतिहास लवकर संपतो. भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ चा. देशात नर्सिंगची पदवी १९४६ मध्ये दिल्ली आणि वेल्लोरला सुरू झाली. परिषद अभ्यासक्रम ठरवते, विद्यापीठ परीक्षा घेतं आणि राज्य परिषद नोंदणी देते. २०२१ च्या नव्या नियमांनी चार वर्षांची आठ सत्रं झाली. उत्तीर्ण व्हायला लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत वेगवेगळे ५० टक्के हवेत. कॉलेजची तपासणी करायला स्थानिक चौकशी समिती येते. ती इमारत, ग्रंथालय, शिक्षकांच्या नेमणुका आणि रुग्णालयातल्या खाटा पाहते. हे सगळं हवंच. पण मी थांबले ते विद्यार्थिनीच्या हातातल्या केसबुकापाशी.

२०२१ आधीच्या अभ्यासक्रमात प्रत्येक मुलीला २० नैसर्गिक प्रसूती स्वतःच्या हातानं करायच्या होत्या, शिवाय ३० गरोदर बायकांची तपासणी आणि २० बाळंतिणींची शुश्रूषा. नव्या अभ्यासक्रमातही केसबुक आहेच. प्रत्येक केसखाली ट्यूटरची सही लागते. तीनतासी पेपर पाठांतरावर निभावतो, पण कळा देणाऱ्या बाईच्या उशाशी पाठांतराचा उपयोग नाही. म्हणून माझ्या लेखी या पदवीचा खरा निकाल गुणपत्रिकेआधी या वहीत लागतो.

इंझोरीकडची, जुन्या अभ्यासक्रमातून शिकलेली एक मुलगी मला तिची वही दाखवत होती. घरी सोयाबीन-तूर, बारावीपर्यंत शिक्षण मराठीत. पहिल्या वर्षी अ‍ॅनाटॉमीची इंग्रजी पानं तिनं शब्दाशब्दाला अर्थ लिहून काढली होती. तिचं बोट पार्टोग्राफच्या, म्हणजे प्रसूतीच्या आलेखाच्या, पानावर थांबलं. गर्भाशयाचं तोंड ४ सेंटिमीटर उघडलं की आलेख सुरू होतो. सावध करणारी रेष तासाला एक सेंटिमीटर या गतीनं वर चढते आणि तिच्या उजवीकडे चार तासांवर कृतीची रेष असते. बाळाचे ठोके अर्ध्या-अर्ध्या तासानं टिपायचे. खुणा पहिल्या रेषेच्या उजवीकडे सरकल्या की बाईला पुढच्या रुग्णालयात हलवायची तयारी करायची. "जिल्ह्याला डॉक्टर बाजूलाच असतात मॅडम," ती म्हणाली, "उपकेंद्रावर ही रेष पाहून गाडी मीच बोलवायची." तिच्या वहीतल्या खुणा समान अंतरावर नव्हत्या. एका पानावर रात्री अडीचची नोंद खोडून पावणेतीन केलेली होती. ते पाहून माझा त्या वहीवर विश्वास बसला.

या मुलीची इथे मोठी गरज आहे. २०१८ पासून उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले. त्या कामाचं प्रशिक्षण नव्या पदवी अभ्यासक्रमातच मिसळलं आहे. मानोरा तालुक्यात बंजारा समाजाचे तांडे पुष्कळ आहेत. तिथली म्हातारी गोरमाटीत दुखणं सांगते, तिची सून वऱ्हाडीत. प्रश्न विचारणारीला दोन्ही कळलं तर निम्मं निदान तिथंच होतं. विद्यापीठाच्या कुठल्याच पेपरात या गुणाला गुण नाहीत, आणि ते असायला हवेत असं मला ठामपणे वाटतं. प्रात्यक्षिकाला बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर इंग्रजीत अडखळणारी मुलगी रुग्णाशी कशी बोलते, हेही त्या परीक्षकानं ऐकावं.

आता अडचणी. जुन्या अभ्यासक्रमाच्या हिशेबानं साठ मुलींची एक तुकडी, प्रत्येकीला वीस प्रसूती, म्हणजे एका तुकडीला बाराशे नैसर्गिक प्रसूती हव्या होत्या. त्याच लेबर रूममध्ये एएनएम आणि जीएनएम या नर्सिंगच्या इतर अभ्यासक्रमांच्या मुली असतात, दुसऱ्या कॉलेजच्याही असतात. २०२४ मध्ये वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. ही आनंदाची गोष्ट आहे, पण पुढे तिथले विद्यार्थीही त्याच बाईच्या खाटेभोवती उभे राहतील. सिझेरियन वाढले की नैसर्गिक प्रसूती तेवढ्या कमी होतात. मग एका प्रसूतीला एक मुलगी हात लावते आणि चौघी पाहतात. केस मात्र पाचही वह्यांत चढण्याचा मोह होतो. सही करणारी ट्यूटर स्वतः दोन वॉर्ड आणि तीन विषय सांभाळत असते. तिला दोष देऊन भागणार नाही. आणि ज्या बाईभोवती एवढी गर्दी, तिला कुणी विचारलेलं असतं का, हाही प्रश्न उरतोच.

खाटांचंही असंच. नियमाप्रमाणे तीन रुग्णांमागे एक विद्यार्थिनी असावी. समितीच्या तपासणीचा दिवस आधी ठाऊक असेल, तर त्या दिवशीच्या भरलेल्या खाटांवरून वर्षाचा अंदाज बांधता येत नाही.

पदवीचं मूल्यमापन खरंच करायचं असेल, तर समितीनं एक काम करावं. रुग्णालयाच्या लेबर रूमचं रजिस्टर आणि विद्यार्थिनींची केसबुकं एका टेबलावर ठेवावीत आणि तारीख-वेळ जुळवावी. एका रात्रीत तीन प्रसूती आणि वह्यांत अकरा नोंदी सापडल्या, तर मुलींना शिक्षा करू नये. त्या कॉलेजच्या जागा कमी कराव्यात, किंवा मुलींना मानोऱ्याला, कारंजाला, जिथे बाळंतपणं होतात आणि शिकणाऱ्यांची गर्दी नाही, तिथे राहण्याच्या सोयीसह पोस्टिंग द्यावं. त्यासाठी मुलींची वसतिगृहं लागतील, रात्रीच्या पाळीला सोबत ट्यूटर लागेल आणि तिचा पगार कुणी द्यायचा हे ठरवावं लागेल.