कापसाच्या तंतूतील पेशी

जालना जिल्ह्यातील कापूस उत्पादकास पेशी पाहावयाची असेल, तर सूक्ष्मदर्शक यंत्राची गरज नाही. वेचलेल्या कापसातील सरकीवरून एक तंतू अलगद ओढून घ्यावा. सुमारे अडीच ते तीन सेंटिमीटर लांबीचा तो तंतू म्हणजे एकच पेशी होय.

वनस्पती असो वा प्राणी, दोहोंचे शरीर पेशींचेच बनलेले असते. प्रत्येक पेशीभोवती पातळ आवरण असून आत जीवद्रव्य व केंद्रक असते. केंद्रकात आनुवंशिक गुण साठविलेले असतात. जीवद्रव्यातील सूक्ष्म कण अन्नापासून शक्ती मोकळी करतात. एवढे दोहोंत समान आहे. वनस्पतीच्या पेशीत तीन गोष्टी अधिक असतात : आवरणाबाहेर सेल्युलोजची बळकट भिंत, आत पाण्याने भरलेली मोठी पोकळी आणि हिरव्या भागांतील पेशींत सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करणारे हरितकण.

कपाशीचे फूल उमलते त्या सुमारास कोवळ्या बीजाच्या सालीवरील काही पेशी वाढू लागतात. पुढे सुमारे तीन आठवडे पोकळीतील पाण्याच्या दाबाने कोवळी भिंत ताणली जाते व तंतू लांबतो. त्यानंतर भिंतीवर आतून सेल्युलोजचे थर चढतात. बोंड फुटल्यावर पेशी वाळते. उरते ती भिंत. आपण बाजारात नेतो तो कापूस म्हणजे ही भिंतच होय. तंतू लांबण्याच्या काळात ओलावा अगर पालाश कमी पडल्यास तो आखूड राहतो. म्हणून शेततळ्यात एकाच पाळीपुरते पाणी असल्यास ते फुलोरा व बोंडे धरण्याच्या काळासाठी राखून ठेवावे.

बोंडअळी हा प्राणी. तिच्या पेशीस भिंत नसते. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालना येथे स्थापिलेल्या महिको कंपनीच्या बीटी कपाशी वाणांना २००२ साली केंद्र शासनाची मान्यता मिळाली. या कपाशीच्या पेशीत जमिनीतील एका जिवाणूचा गुण घातलेला असल्याने ती एक विशिष्ट प्रथिन तयार करते. हे प्रथिन अळीच्या आतड्यातील पेशींच्या आवरणास चिकटून छिद्रे पाडते. पाणी आत शिरते आणि भिंतीचा आधार नसल्याने पेशी फुगून फुटते. परंतु ज्या गुलाबी बोंडअळ्यांत प्रथिन चिकटण्याची जागाच बदललेली होती, त्या जगल्या व त्यांची वीण वाढली. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात पिकाची मोठी हानी झाली.

यासाठी केवळ बियाण्यावर विसंबून राहू नये. बीटी न मरणाऱ्या पतंगांचा संकर साध्या पतंगांशी व्हावा म्हणून आश्रयासाठी दिलेले बिगर-बीटी बियाणे अवश्य पेरावे. कामगंध सापळे लावावेत. डिसेंबरअखेर पीक संपवून फरदड घेऊ नये व पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर ठेवू नयेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी वेचणीच्या वेळी शेतकरी बंधूंच्या हाती एक तंतू देऊन ही माहिती सांगावी. पेशीचा पाठ शेतातच चांगला समजतो.