थोडे, पण नेहमीचे

रमजान सुरू झाला की महाविद्यालयातील सहकारी हमखास विचारतात, ‘सर, महिनाभरात वजन चांगलेच उतरत असेल ना?’ रोजा वजनासाठी नसतो, त्याची नियत निराळी असते. तरी या प्रश्नाचे उत्तर रोजेदारांइतकेच एकादशी, चतुर्थी आणि डाएट करणाऱ्यांच्याही उपयोगाचे आहे.

वजन उतरते, पण थोडेच. देशोदेशीच्या रोजेदारांच्या अभ्यासांत महिन्याअखेर सरासरी एक-दीड किलोची घट दिसली आणि ईदनंतर काही आठवड्यांत तीही बहुतांशी भरून आली. कारण उघड आहे. संध्याकाळी दूध बाजार, चौक मंडईत फेरफटका मारा. भजी, समोसे, मालपुवा, रंगीत सरबते! दिवसभर आवरलेला हात तासाभरात सगळी वसुली करतो. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण इफ्तारलाही चपखल बसते.

डाएटचे तरी वेगळे काय होते? अन्न एकाएकी तोडले की शरीर सावध होते. ऊर्जा जपून खर्च करते, भूक वाढवते. वजन उतरल्यानंतर वर्षभरही ही भूक चढी राहू शकते. म्हणून डाएट सुटले की माणूस मनाने दुबळा ठरत नाही. निवडलेला मार्गच न टिकणारा असतो.

महाराष्ट्रात घरोघरी पोहोचलेली डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची पद्धत या संदर्भात पाहण्यासारखी आहे. दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून त्यांनी ती पुढे नेली. खरी भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच, 55 मिनिटांच्या आत जेवण आणि 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणे. तिच्याविषयी आहारतज्ज्ञांत मतभेद आहेत. पण तिच्यात कॅलरी मोजणे नाही, महागडी पावडर नाही. आहे ती रोजची शिस्त. आणि ती शिस्त टिकवली तरच फळ.

दोन वेळा खाणे आणि मधे तोंड न चालवणे रोजेदाराला महिनाभर जमते. मग ईदनंतर त्यातले काय राहते, हा खरा प्रश्न. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवायला सांगितले. थोडे असले तरी सातत्याने केलेले कर्म अल्लाहला प्रिय, अशीही त्यांची शिकवण आहे.

तेव्हा सगळे एकदम नको. बिनसाखरेचा चहा, रात्रीचे जेवण लवकर, तळलेले आठवड्यातून एकदाच. यातले एकच निवडा आणि ते पक्के झाले की दुसरे. तरावीहला जाणारे पाय ईदनंतर थांबवू नका. ईदगाह मैदानाजवळच गोल्फ क्लबचा जॉगिंग ट्रॅक आहे. वजनकाट्यासोबत कंबरही मोजा: भारतीय पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटीमीटरपुढे धोका वाढतो. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र रोजा, उपवास किंवा दोन जेवणांचा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

रमजान एक महिना सवय लावून देतो. ती जपायला पुढचे अकरा महिने आपल्या हातात असतात.