नकार आणि शांतता

समजा, साताऱ्यातल्या प्रोग्रॅमने सांगलीच्या सर्व्हरकडे जोडणी मागितली आणि ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असा संदेश आला. आपण लाइनला दोष देतो. पण नकार हेही उत्तरच! सांगलीचा संगणक बहुधा चालू आहे. त्या पोर्टवर ऐकणारे कोणी नाही. ‘टाइम्ड आउट’ ही मात्र शांतता. तिला अंतर कारण नव्हे : सव्वाशे किलोमीटर काचतंतू प्रकाश एका मिलिसेकंदाच्या आत ओलांडतो. तार तुटली असेल, फायरवॉल आड येत असेल किंवा सर्व्हरची रांग भरली असेल. (रांग भरल्यावर लिनक्स गप्प बसते, विंडोज नकार कळवते.) आम्ही आधी रांग पाहतो. मुख्य थ्रेड, म्हणजे कामाचा मुख्य धागा, एकाच ग्राहकाशी बोलत बसला की बाकीचे खोळंबतात. त्याने जोडणी फक्त स्वीकारावी, संभाषण दुसऱ्या थ्रेडवर सोपवावे. एकट्याने केलेल्या चाचणीत हा दोष दिसत नाही. सारा वर्ग एकदम जोडला की दिसतो.