स्वस्त दुर्बीण का बिघडते?

लोणारच्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. काठावर उभे राहिले, की तळ्याच्या कडेला चरणारे पक्षी नुसते ठिपके वाटतात. आठपट वर्धनाची दुर्बीण डोळ्यांना लावली, तर ४०० मीटरवरचा पक्षी ५० मीटरवर असल्यासारखा दिसतो. ठिपक्याचा शेकाट्या होतो, त्याचे लांब गुलाबी पाय दिसू लागतात. बुलढाणा जिल्ह्यातील शाळेला असे एखादे उपकरण घ्यावेसे वाटणे साहजिक आहे. लोणार आणि ज्ञानगंगा ही दोन अभयारण्ये सहलीच्या टप्प्यात आहेत. २०१९ साली यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरहून निघालेला, रेडिओ पट्टा लावलेला वाघ १३०० किलोमीटरहून अधिक भटकून ज्ञानगंगेतच आला होता.

खिशात मावणाऱ्या लहान दुर्बिणी पाश्चात्त्य देशांत बऱ्याचदा शिकाऱ्यांसाठी म्हणून विकल्या जातात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली. शिकाऱ्याच्या गळ्यातली दुर्बीण आता पक्षी पाहणाऱ्याच्या गळ्यात आली आहे. पण उन्हातान्हात, धुळीत, पावसात टिकण्याची तिची परीक्षा मात्र तीच राहिली. शाळेने काटकसर करून घेतलेली दुर्बीण दोन पावसाळ्यांत आंधळी झाली, तर पुन्हा पैसे मिळणे कठीण. म्हणून ती कशाने बिघडते हे आधी समजून घेऊ.

आत काय असते?

समोरचे मोठे भिंग म्हणजे वस्तुभिंग आणि डोळ्याजवळची भिंगे म्हणजे नेत्रिका. वस्तुभिंगाने तयार होणारी प्रतिमा उलटी असते. तिला सुलटी करण्यासाठी प्रत्येक नळीत काचेचे लोलक बसवतात. इटलीच्या इग्नात्सिओ पोरो याने १८५४ साली दोन लोलकांच्या अशा रचनेचे पेटंट घेतले. पोरो रचनेच्या दुर्बिणीत वस्तुभिंगे आणि नेत्रिका एका रेषेत नसतात. दुसऱ्या प्रकारात छपरासारखी धार असलेले लोलक वापरतात. त्यामुळे नळ्या सरळ आणि बारीक होतात.

दुर्बिणीवर ८×२५ असे लिहिलेले असते. पहिला आकडा वर्धनाचा, दुसरा वस्तुभिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. २५ ला ८ ने भागले, की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते : सुमारे ३ मिलिमीटर. भर दिवसा आपली बाहुली साधारण एवढीच असते. पहाटे ती मोठी होते, तेव्हा लहान दुर्बीण अंधूक वाटते. हा बिघाड नव्हे, मर्यादा आहे.

काच स्वतः शंभर वर्षांतही झिजत नाही. निकामी होतात ते सांधे, गोंद, लेप आणि वंगण.

पहिला शत्रू : धक्का

दोन्ही नळ्यांच्या दृष्टिरेषा समांतर असाव्या लागतात. स्वस्त दुर्बिणीत लोलक बहुधा गोंदाच्या थेंबावर किंवा पातळ पत्र्याच्या पट्टीखाली बसवलेले असतात. दुर्बीण बाकावरून पडली, की लोलक किंचित सरकतो. समजा, एका नळीची दृष्टिरेषा एक दशांश अंशाने वर गेली. आठपट वर्धनामुळे डोळ्याला हा फरक सुमारे ०.८ अंश जाणवतो. आकाशातले चंद्रबिंब अर्धा अंश असते. म्हणजे दोन प्रतिमांत दीड चंद्राएवढे अंतर! डोळे आत-बाहेर वळून आडवा फरक बराच सांभाळून घेतात, पण एक डोळा वर आणि दुसरा खाली करणे त्यांना फारसे जमत नाही. ‘दुर्बिणीने डोके दुखते’ असे मुले म्हणतात, त्याचे कारण अनेकदा हेच असते.

याची परीक्षा वर्गात करता येते. दुर्बीण विटांवर आडवी, सपाट ठेवा. दूरच्या इमारतीच्या गच्चीची कड त्यातून पाहा. मग डोके हळूहळू दहा-पंधरा सेंटिमीटर मागे घ्या. दोन वेगळी वर्तुळे दिसू लागतील. दोन्ही वर्तुळांत ती कड एकाच उंचीवर दिसली पाहिजे. एकीकडे वर, एकीकडे खाली दिसली, तर दुर्बीण घेऊ नये.

दुसरा शत्रू : दमट हवा

साध्या पोरो दुर्बिणीत चाक फिरवले, की नेत्रिका मागेपुढे होतात. नळीतील जागा कमीजास्त होते आणि भात्यासारखी हवा आतबाहेर होते. पावसाळ्यात हीच दमट हवा आत शिरते. रात्री गारवा आला, की आतल्या काचेवर दव धरते. हवेची सापेक्ष आर्द्रता बराच काळ ७० टक्क्यांच्या वर राहिली, तर बुरशीचे बीजाणू रुजतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू भिंगावर पसरतात आणि त्यांतून स्रवणारी आम्ले लेप व काच खातात. बुरशी पुसली तरी तिची नक्षी काचेवर कायम राहते.

जलरोधक दुर्बिणीत सांध्यांवर रबराची कडी असतात आणि आत कोरडा नायट्रोजन भरतात. खरे महत्त्व नायट्रोजनाला नाही, कोरडेपणाला आहे. असे बंदिस्तीकरण सरळ नळीच्या प्रकारात सोपे जाते. उलट, लहान घडीच्या दुर्बिणीला दोन बिजागऱ्या असतात. सैल पडायला दोन जागा! म्हणून बिजागरी घट्ट आहे ना, हे हलवून पाहावे.

तिसरा शत्रू : धूळ आणि फडके

लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. नळीत अशी दहा पृष्ठे असली, तर जेमतेम दोन तृतीयांश प्रकाश डोळ्यापर्यंत पोचतो. मॅग्नेशियम फ्लुओराइडचा एक थर दिला, की दर पृष्ठावरील तोटा दीड टक्क्याच्या आसपास येतो आणि सुमारे ८६ टक्के प्रकाश मिळतो. हा थर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा पातळ असतो. वाऱ्यावरच्या धुळीत गारेचे म्हणजे क्वार्ट्‌झचे कण असतात आणि ते काचेहून कठीण असतात. सदऱ्याच्या टोकाने भिंग पुसणे म्हणजे त्यावर पॉलिशपेपर घासणे होय.

आधी रबरी फुग्याने हवा मारावी, मग मऊ कुंचल्याने कण झटकावेत आणि शेवटी अनेकदा धुतलेल्या सुती कापडाला किंचित ओल लावून हलकेच पुसावे. लोणारचे पाणी खारट आणि अल्कधर्मी आहे. त्याचे शिंतोडे उडाले, तर ते वाळल्यावर क्षारांचे कण उरतात. ते घासू नयेत. स्वच्छ पाण्याच्या ओल्या कापसाने विरघळवून टिपून घ्यावेत.

उष्णतेकडेही दुर्लक्ष नको. घाटाखाली मलकापूर-खामगावकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीपलीकडे जातो. उन्हात उभ्या मोटारीत ठेवलेल्या दुर्बिणीचे वंगण पातळ होऊन भिंगांकडे ओघळते, गोंद मऊ होतो आणि रबरी आवरण चिकट होते.

शाळेत कशी सांभाळावी?

चामडी किंवा कापडी पिशवी ओल धरून ठेवते. पावसाळ्यात दुर्बीण तिच्यात ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवावी. निळे खडे गुलाबी झाले, की प्रयोगशाळेच्या ओव्हनमध्ये ११० ते १२० अंश सेल्सियसला तापवून पुन्हा निळे करता येतात. त्यांतील कोबाल्टचा क्षार विषारी असल्याने हे काम शिक्षकांनीच करावे. ओली दुर्बीण आधी पंख्याखाली वाळवावी, मगच डब्यात ठेवावी. आठवड्यातून एकदा बाहेर काढून वापरणे हाही उपायच आहे. अंधारात, बंद हवेत बुरशीला निवांतपणा मिळतो.

वापरताना पट्टा आधी गळ्यात, मग दुर्बीण हातात, हा क्रम मुलांना लावून द्यावा. आणि एक नियम कधीही मोडू नये : दुर्बिणीतून सूर्याकडे पाहायचे नाही. क्षणभरात डोळा कायमचा जाऊ शकतो.

खरेदीच्या दिवशी दुर्बिणीच्या नावाची एक वही उघडावी. गच्चीच्या कडेची परीक्षा दर सहामाहीला करून निकाल तारखेसह त्यात नोंदवावा. हे काम आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांकडे सोपवता येईल. दोन वर्षांनी त्यांच्या हाती एका उपकरणाचा खरा इतिहास असेल आणि पुढची दुर्बीण घेताना शाळेला जाहिरातीवर विसंबावे लागणार नाही.