सायीची भीती कशाला?



दूध तापवून निवले की वर साय धरते. ती कोणाच्या वाटीत पडावी यावरून एके काळी मुलांत भांडणे होत. आज पुष्कळ घरांत ती गाळणीत अडकली की सरळ मोरीत टाकली जाते. आजोबांच्या चहात पातळ दूध आणि नातवाच्या पेल्यातही तेच. स्निग्धांश जितका कमी तितके दूध प्रकृतीस चांगले, असा समज यामागे आहे. तो कितपत खरा, हे आज पाहावयाचे आहे.

आपल्याकडे ‘टोन्ड’ दूध जन्मास आले ते आरोग्याच्या चिंतेतून नव्हे, टंचाईतून. १९४० नंतरच्या दशकात मुंबईस दूध पुरेनासे झाले, तेव्हा दारा खुरोडी या दुग्धव्यवसायातील जाणकाराने म्हशीच्या दाट दुधात साय काढलेल्या दुधाची भुकटी व पाणी मिसळून ते वाढविण्याची युक्ती काढली. दूध वाढले, भाव उतरला आणि ते गरिबाच्या घरी पोहोचले. पुढे १९६३ साली खुरोडी यांना, बडोद्याशेजारच्या आणंदचे त्रिभुवनदास पटेल व वर्गीस कुरियन यांच्यासमवेत, मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कार्य मोठेच होते. परंतु दाट दूध अपायकारक म्हणून ते पातळ केले गेले नव्हते, हे ध्यानात ठेवावे.

सायीची भीती नंतर पश्चिमेकडून आली. १९७७ साली अमेरिकेच्या सिनेटमधील एका समितीने कमी स्निग्धांशाचे दूध घेण्याचा सल्ला दिला. तर्क सरळ होता: दुधातील मेद बहुतांशी संपृक्त, अशा मेदाने रक्तातील कोलेस्टेरॉल वाढते, तेव्हा सायीच्या दुधाने हृदयविकार वाढणारच. परंतु मनुष्य नुसता मेद खात नाही. तो दूध पितो, दही खातो, आणि त्यांत प्रथिने, कॅल्शियम असे इतरही पुष्कळ काही असते. २०१८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात भारतासह २१ देशांतील १,३६,००० हून अधिक लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीत दूध-दही अधिक घेणाऱ्यांत मृत्यूचे, तसेच हृदयविकार व पक्षाघाताचे प्रमाण ते न घेणाऱ्यांपेक्षा कमी आढळले. आणि जे केवळ सायीचेच दूध-दही घेत, त्यांच्यातही हानी दिसली नाही. अशा पाहणीने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरे. परंतु भीतीचा पाया मात्र डळमळीत होतो.

आता थोडा हिशेब करू. कायद्याप्रमाणे फुल क्रीम दुधात निदान ६ टक्के, टोन्ड दुधात ३ टक्के आणि डबल टोन्ड दुधात १.५ टक्के स्निग्धांश असावा लागतो. म्हणजे २०० मिलिलिटरच्या पेल्यात फुल क्रीम व टोन्ड यांचा फरक सुमारे ६ ग्रॅमचा, अदमासे ५४ कॅलरींचा. साखरेचे तीन लहान चमचे तेवढेच देतात. पातळ दूध बेचव लागते म्हणून आपण त्यात साखर वाढवितो. बाजारातील कमी मेदाच्या गोड दह्यांतही पुष्कळदा हेच घडते. मग मिळविले काय? शिवाय अ जीवनसत्त्व मेदात विरघळणारे. ते सायीबरोबर निघून जाते आणि कित्येकदा वरून घालावे लागते.

कमी मेदाचा पदार्थ आपल्या पूर्वजांना अपरिचित नव्हता. ताक तेच आहे. परंतु घुसळून निघालेले लोणी घरातच राही. ते कढवून तूप होई आणि भातावर बेताने पडे.

या बेताला महत्त्व आहे. लोणी-तूप हा दुधाचा गोळा केलेला मेद; दूध-दह्याबद्दल जे म्हटले ते त्यांस जसेच्या तसे लागू नाही. ज्यांना हृदयविकार आहे वा कोलेस्टेरॉल वाढलेले आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांचेच ऐकावे. दोन वर्षांच्या आतील मुलांना मात्र, डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर, साय काढलेले दूध देऊ नये. आणि ज्या घरी टोन्ड दूधच परवडते, त्यांनीही खंत करू नये; प्रथिने व कॅल्शियम त्यातही आहेत.

परंतु ज्याची प्रकृती ठीक आहे, त्याने सायीच्या दुधाचा पेला अपराध्यासारखा पिऊ नये. साय मोरीत टाकण्यापेक्षा विरजणात टाकावी, आणि कमी करावयाचेच असेल तर हात आधी साखरेच्या डब्यावरून मागे घ्यावा.