पोरींचा फुटबॉल : ऐकीव आणि खरं

इंदूरच्या मराठी घरात खेळाचा विषय निघाला की गाडी सी. के. नायडू आणि मुश्ताक अली यांच्यापाशीच येऊन थांबते. होळकरांच्या संघाने चार वेळा रणजी जिंकली, हे सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाता खाता कोणीही सांगेल. पण कॉलेजात गेलेली मुलगी घरी येऊन म्हणाली, ‘मी फुटबॉलच्या संघात नाव देतेय,’ तर क्षणभर सगळे गप्प होतात. मग आजी, काका, शेजारच्या काकू एकेक वाक्य टाकतात. वाक्यं ठरलेली आहेत, आणि त्यांतली बहुतेक चुकीची आहेत.

गैरसमज : हे टीव्हीमुळे आलेलं नवं खूळ आहे.

भारतात महिला फुटबॉलची स्वतंत्र संघटना 1975 मध्ये लखनौला उभी राहिली आणि राष्ट्रीय स्पर्धाही त्याच वर्षी सुरू झाली. दोनच वर्षं आधी, 1973 मध्ये, महिला क्रिकेटची संघटनाही लखनौतच नोंदवली गेली होती. त्या क्रिकेटची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आपल्या पुण्यात. दोन्ही खेळांची गत सारखीच. पुरुषांच्या संघटनांनी दार उघडलं नाही, म्हणून बायकांच्या खेळासाठी वेगळं घर बांधावं लागलं. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने महिलांची जबाबदारी घेतली ती नव्वदच्या दशकाच्या तोंडावर.

त्या वेगळ्या घरात राहून या मुलींनी काय केलं? 1980 मध्ये कालिकतला आशियाई महिला स्पर्धा झाली, त्यात भारताचा संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि तैवानकडून हरला. 1983 मध्ये बँकॉकला पुन्हा अंतिम सामना, या वेळी थायलंडने हरवलं. भारताच्या पुरुषांना आशियाई चषकात उपविजेतेपद मिळालं आहे एकदाच, 1964 मध्ये. बायकांना दोनदा. चीन तेव्हा या स्पर्धेत उतरत नव्हता, हेही सांगायला हवं. पण समोर कोण नव्हतं हा हिशेब पुरुषांच्या पराक्रमाच्या वेळी कोणी मांडत बसत नाही. 1983 मध्येच बंगालच्या शांती मल्लिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. महिला फुटबॉलपटूला मिळालेला तो पहिला. गोव्याच्या योलांडा डिसोझा याच पिढीतल्या. ही नावं शाळेच्या सामान्यज्ञानाच्या वहीत कधी आली नाहीत, म्हणून आपल्याला हा खेळ कालपरवाचा वाटतो.

गैरसमज : बायकांचा सामना बघायला कोण येतं?

26 डिसेंबर 1920 या दिवशी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर 53 हजार लोक आले होते. खेळत होत्या प्रेस्टनच्या एका कारखान्यातल्या कामगार बायका. संघाचं नाव डिक, कर लेडीज. हजारो लोकांना बाहेरूनच परत जावं लागलं. त्यानंतर वर्षही झालं नाही तोच, 5 डिसेंबर 1921 ला, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या क्लबांना फर्मान काढलं की बायकांच्या सामन्यांना मैदान द्यायचं नाही. कारण दिलं ते असं, की हा खेळ बायकांना शोभत नाही. नीट बघा, खेळायला बंदी नव्हती. बंदी होती मैदान देण्याला. तेवढ्याने काम भागलं. हा हुकूम जवळजवळ पन्नास वर्षं टिकला, आणि मग त्याच पन्नास वर्षांकडे बोट दाखवून लोक विचारू लागले की बायकांच्या फुटबॉलला प्रेक्षक कुठे असतात?

गैरसमज : मुलींच्या शरीराला हा खेळ झेपत नाही.

काकूंचा हा आवडता मुद्दा, आणि याला उगीच हसण्यावारी नेऊ नये, कारण त्यात एक कण खरा आहे. पुढे मूलबाळ होण्यात अडचण येते वगैरे जे कुजबुजलं जातं, त्यात तथ्य नाही. गुडघ्याचं मात्र खरं आहे. गुडघ्याच्या आतला जो मुख्य अस्थिबंध उडी मारून उतरताना किंवा एकदम वळताना तुटतो, तो मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त वेळा तुटतो. त्यावर उपायही आहे आणि तो फुकट आहे : सरावाआधी वीसएक मिनिटांचा ठरावीक व्यायाम, ज्यात तोल सांभाळणं, मांड्यांची ताकद आणि नीट उतरणं शिकवतात. तो नियमाने केला तर दुखापती बऱ्याच कमी होतात. तेव्हा मुलीला खेळू द्यायचं की नाही हा प्रश्न बाजूला ठेवून काकूंनी प्रशिक्षकाला एवढंच विचारावं, की सरावाआधी हे करून घेता का?

झेपत नाही या समजुतीने थेट विश्वचषकही गाठला होता. 1991 मध्ये चीनमध्ये बायकांचा पहिला विश्वचषक झाला, तेव्हा सामने 90 ऐवजी 80 मिनिटांचे ठेवले होते. पुढच्याच खेपेला, 1995 मध्ये, ती दहा मिनिटं परत आली. कोणाला काही झालं नाही.

गैरसमज : अमेरिकेची गोष्ट वेगळी, तिकडच्या मुलींच्या रक्तातच खेळ आहे.

त्यांच्या रक्तात नव्हता, कायद्यात होता. 1972 चा ‘टायटल नाइन’ नावाचा तो कायदा मुळात 37 शब्दांचा, आणि त्यात खेळाचा उल्लेखसुद्धा नाही. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत स्त्री-पुरुष भेद करायचा नाही, एवढंच त्यात आहे. त्याच्या जोरावर कॉलेजांना मुलींचे संघ काढावे लागले. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात मुली आधीपासून हौसेने क्लब म्हणून खेळत होत्या; 1979 मध्ये तो विद्यापीठाचा अधिकृत संघ झाला आणि मुलांच्या संघाचे प्रशिक्षक अॅन्सन डॉरन्स यांच्याकडे मुलींचाही संघ आला. 1982 मध्ये एनसीएएची, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संघटनेची, पहिली महिला फुटबॉल स्पर्धा याच संघाने जिंकली. 2024 पर्यंत या संघाच्या एनसीएए विजेतेपदांची संख्या 22 वर गेली. प्रसिद्ध फुटबॉलपटू मिया हॅम इथलीच. एका कॉलेजाच्या संघातून जागतिक विजेत्या घडल्या, पण आधी मैदान, प्रशिक्षक आणि दर वर्षीचं वेळापत्रक मिळालं, मग विजय आले. आपण क्रम उलटा लावतो : आधी जिंकून दाखवा, मग मैदान बघू.

गैरसमज : इंदूरच्या मुली मैदानात टिकणाऱ्या नाहीत.

याला एकच नाव पुरे. संध्या अग्रवाल. 1986 मध्ये वूस्टरला इंग्लंडविरुद्ध नऊ तासांहून जास्त वेळ खेळपट्टीवर उभं राहून या इंदूरच्या मुलीने 190 धावा केल्या आणि बेटी स्नोबॉलचा 1935 पासूनचा 189 चा विक्रम मोडला. 13 कसोटी सामन्यांत 1110 धावा, सरासरी पन्नासच्या वर. खेळ वेगळा आहे, कबूल. पण टिकण्याबद्दल बोलायचं तर नऊ तास म्हणजे फुटबॉलचे सहा सामने झाले.

गैरसमज : मग आपला महिला संघ मागे का पडला? दमच नसणार.

2009 मध्ये भारताचा महिला संघ फिफाच्या जागतिक क्रमवारीतून गळाला. कोणाकडून हरल्यामुळे नव्हे. दीड वर्ष त्यांना एकही आंतरराष्ट्रीय सामना दिला गेला नव्हता, आणि न खेळणाऱ्या संघाला क्रमांक नसतो. पुढच्या वर्षी दक्षिण आशियाई स्पर्धा सुरू झाली, तर तीत लागोपाठ पाच वेळा हाच संघ विजेता. 2017 मध्ये महिलांची राष्ट्रीय लीग आली. 5 जुलै 2025 रोजी च्यांग माईला, थायलंडच्याच घरी, संगीता बासफोरने दोन गोल केले, भारत 2-1 ने जिंकला आणि पात्रता फेरी खेळून आशियाई चषकात पोचला.

राष्ट्रीय महिला स्पर्धेच्या करंडकाला आता राजमाता जिजाबाईंचं नाव आहे. इंदुरात मोती तबेल्याच्या मुलींच्या सरकारी कॉलेजालाही माता जिजाबाईंचंच नाव आहे, आणि विद्यापीठ तर देवी अहिल्येचं. नावांच्या बाबतीत आपण कधी कमी पडलो नाही. घरात पुन्हा तो विषय निघाला तर मुलीला एवढंच विचारा, की सराव किती वाजता असतो आणि पहिला सामना कोणत्या तारखेला आहे.