नुंगंबाक्कमच्या पिनला ६१७४ का सापडत नाही?

देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत ६१७४ ही संख्या मांडली. तेव्हापासून एक वाक्य तोंडोतोंडी फिरतंय: कोणतीही संख्या घ्या, शेवटी ६१७४ येणारच.

हे खरं नाही. त्याच शहरातली एक संख्या घेऊन पाहू. मद्रास म्हणजे आजचं चेन्नई; तिथल्या नुंगंबाक्कम भागाचा पिन कोड ६०००३४. कापरेकरांची रीत अशी: अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या, आणि मोठ्यातून लहान वजा करा. ६४३००० वजा ०००३४६ म्हणजे ६४२६५४. पुन्हा तेच केलं की ४२०८७६, मग ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२ आणि परत ६४२६५४! सात संख्यांचं हे रिंगण कधीच सुटत नाही. सहा अंकी संख्यांत ५४९९४५ आणि ६३१७६४ या दोन ठिकाणी काही संख्या स्थिरावतात, पण नुंगंबाक्कमचा पिन पहिल्याच वजाबाकीत रिंगणात शिरतो.

६१७४ चा नियम चार अंकी संख्यांचा आहे, आणि तोही चारही अंक सारखे नसतील तरच. तिथे जास्तीत जास्त सात पायऱ्या लागतात. डावीकडची शून्यं मात्र सोडायची नाहीत. १००० पासून ०९९९ येतं. त्याला ९९९ समजून पुढे गेलात तर उत्तर शून्य.

यात काही गूढ आहे, असंही अनेकांना वाटतं. पण सहा अंकी संख्या मर्यादितच, त्यामुळे वजाबाक्या करत राहिलं की कधीतरी आधी येऊन गेलेली संख्या पुन्हा येणारच. थक्क करणारी गोष्ट ही, की चार अंकांत सगळ्या वाटा एकाच संख्येवर मिळतात. आणखी एक सुंदर गोष्ट: ६०००३४ ला ९ ने भागलं तर बाकी ४ उरते, पण रिंगणातल्या सातही संख्यांना ९ ने नि:शेष भाग जातो. अंकांची जागा बदलली तरी बेरीज तीच राहते, म्हणून ९ ने भागल्यावरची बाकीही तीच. वजाबाकीत ती उडून जाते.

मोठ्या संख्येला विभाजक खूप असतात, हाही गैरसमजच. ६०००३४ म्हणजे २ गुणिले ३०००१७, आणि ३०००१७ ही मूळ संख्या आहे. ५४७ पर्यंतच्या एकाही मूळ संख्येने तिला भाग जात नाही. म्हणजे विभाजक अवघे चार. साध्या ६० ला बारा आहेत.

राहिला प्रश्न, पिनमधले अंक शुभ-अशुभ असतात का, याचा. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेली पिन कोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिच्यात अर्थ आहे तो अंकांच्या जागेला: ६०० म्हणजे चेन्नई, ०३४ म्हणजे नुंगंबाक्कमचं टपाल कार्यालय. कापरेकरांच्या वजाबाकीला जागेशी देणंघेणं नाही. पल्लावरमचा पिन ६०००४३; अंक तेच, म्हणून तोही थेट ६४२६५४ वरच पोहोचतो.